महागड्या डिझायनर पर्सेस : चारचौघींत न बोलली जाणारी मतं

सुईदोरा

हा चर्चेचा धागा 'एवढ्या पैशांत गरिबाचं घर चाललं असतं' या छापाचा नाही, हे आधीच सांगते. तो हिशोब लावायला बसलो तर आपल्या सगळ्यांच्याच घरातलं निम्मं सामान विकावं लागेल. मी चामड्याच्या बॅगांच्या निर्यातीत माल तपासायचं काम करते. दिवसभर शिवण, अस्तर, चेन, कडा हेच बघत असते, आणि पर्स हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. पण लाखाच्या पुढच्या पर्सेसबद्दल दोन वाक्यं इतक्यांदा ऐकलीत की आता राहवत नाही. एक, 'क्वालिटी बघ ना'. दोन, 'अगं, ही इन्व्हेस्टमेंट आहे'. माझं म्हणणं इतकंच, की हौस म्हणून घ्या, मिरवा, मी कौतुक करीन. ही दोन कारणं मात्र देऊ नका.

आधी क्वालिटी. लुई व्हिटॉनची ती तपकिरी, अक्षरं आणि फुलं असलेली पर्स चामड्याची नसते. सुती कापडावर प्लास्टिकचा थर दिलेलं कॅनव्हास असतं ते. पट्टे आणि कडा तेवढ्या चामड्याच्या. टिकतं का? झकास टिकतं. आपल्या पावसात तर चामड्यापेक्षा बरं. पण त्याच कुळातल्या मालाला इथे आपण रेक्झिन म्हणतो आणि नाक मुरडतो. (मजा म्हणजे जॉर्ज व्हिटॉनने १८९६ मध्ये ती अक्षरांची नक्षी काढली ती नकला थांबाव्यात म्हणून. आज जगात सगळ्यात जास्त नकला होणाऱ्या नक्षींपैकी ती एक आहे.) प्रादाची काळी बॅग घ्या. ऐंशीच्या दशकात मिउच्चा प्रादाने नायलॉनच्या बॅगा आणल्या. नायलॉन! कल्पना म्हणून मला ती फार आवडते, पण 'लेदरचा दर्जा' वगैरे तिथे बोलायची सोय नाही.

आता 'हाताने बनवलेलं, युरोपातलं' याबद्दल. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओरच्या इटलीतल्या एका उत्पादन कंपनीवर प्रशासक नेमला. तपासात जे निघालं ते असं : मिलानच्या आसपासच्या चिनी मालकीच्या कारखान्यांत कामगार कामाच्या जागीच झोपत होते, काम भराभर उरकावं म्हणून मशिनींची सुरक्षेची साधनं काढून ठेवली होती, आणि दुकानात २,६०० युरोला विकली जाणारी एक बॅग जोडण्याचे कारखान्याला ५३ युरो मिळत होते. त्याआधी दोन महिने अर्मानीच्या कंपनीवर हीच पाळी आली होती. तिथे ९३ युरोची बॅग मधल्या पुरवठादाराकडून कंपनीला २५० ला आणि दुकानात १,८०० ला. 'मेड इन इटली' हा शिक्का खोटा नव्हता बरं का. इटलीतच झालं होतं सगळं.

एर्मेसला मात्र मी मार्क देते. तिथे सहसा एक बॅग एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतो. शिवण दोन सुयांची : एकच मेणाचा दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. मशिनच्या शिवणीत वरचा दोरा वेगळा, खालचा वेगळा, त्यामुळे एक तुटला की उसवत जाऊ शकतं. १८३७ पासून घोड्यांचं सामान करणारी पेढी आहे ती, खोगिराची शिवण त्यांच्या अंगात मुरली आहे. पण ही शिवण काही फ्रान्सचं गुपित नाही. चांगला खोगीर करणारा कुठलाही कारागीर ती घालतो.

माझ्या नजरेने सांगायचं तर पंचवीस-तीस हजारांपर्यंत पर्सचा दर्जा किमतीबरोबर चढतो. तिथून पुढे किंमत एकटीच चढते.

अजून दोन मतं, ज्यांवर शिव्या खायची तयारी आहे. फर्स्ट कॉपी घेणारीला मी नावं ठेवत नाही. आणि 'आम्हाला बाई लोगोवाली आवडत नाही, साधीच बरी' म्हणणाऱ्या जास्त शिष्ट असतात. लोगोवाली निदान सगळ्यांना कळते. बिनलोगोची तीन लाखांची पर्स फक्त दुसऱ्या तीन लाखवालीलाच ओळखू यावी, हा खरा सोवळेपणा.

बोला.

चौथी_सीट

पहिला प्रतिसाद माझा! चहा घेऊन बसले आहे.

मला या पर्सेसची एकच अडचण आहे, त्या प्रवास न करणाऱ्या बाईसाठी बनवलेल्या असतात. एर्मेसच्या त्या प्रसिद्ध बर्किन पर्सला वर चेन नाही. पुढे झाप आणि फिरकीचं कुलूप, आणि बहुतेक जणी तेही उघडंच ठेवतात. संध्याकाळी ५.५० च्या विरार फास्टमध्ये उघडी पर्स घेऊन चढून दाखवा. रिकामी असतानाच मोठी बर्किन किलोभराची, त्यात डबा घातला की खांदा गेला. जिच्या नावाने ती निघाली ती गायिका-अभिनेत्री जेन बर्किनसुद्धा तिच्या वजनाबद्दल कुरकुर करायची. आणि गंमत बघा, तिने १९८० च्या दशकात विमानात एर्मेसच्या मालकाला सांगितलं होतं ते इतकंच, की माझ्या पोराबाळांचं सामान मावेल अशी पिशवी मिळत नाही! आईची पिशवी होती ती मुळात. तिने ती तशीच वापरली, स्टिकर चिकटवले, नेलकटर लटकवलं. तीच पहिली, वापरून मळलेली बर्किन जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. आणि आज ज्या घेतात त्या पावसाचा थेंब पडला तर तिला रेनकोट घालतात.

दुसरं टोक म्हणजे त्या बोटभर पर्सेस. जाकमूस या फ्रेंच ब्रँडची ती चिमुकली पर्स आठवते का? तिच्यात म्हणे लिपस्टिकही मावत नव्हती. २०२३ मध्ये एका अमेरिकन कलाकार मंडळींनी तर मिठाच्या कणापेक्षा लहान, सूक्ष्मदर्शकातून बघायची बॅग केली आणि ती ६३ हजार डॉलरच्या वर विकली गेली. ती थट्टा होती हे कळतं. बाकीच्यांचं कळत नाही.

अंजिरी

सुईदोरा, लिहिलंय छान, पण मला एक सांगा. नवऱ्याने दोन लाखांचं घड्याळ घेतलं की 'टेस्ट आहे हो'. भाच्याने तीन लाखांची बुलेट घेऊन लडाखला नेली की 'पॅशन'. बाईने पर्स घेतली की तिची शिवण, अस्तर, कामगार, नैतिकता सगळं तपासायला धागा! पुरुषांच्या घड्याळांवर असा धागा आलेला मी तरी वाचला नाही.

माझ्याकडे शनेल आहे. एक. स्वतःच्या बोनसची. मोठी ऑर्डर मिळाली त्या वर्षी घेतली, आणि सांगते, बिलिंग काउंटरवर कार्ड पुढे करताना जो आनंद झाला तो मला लग्नातल्या दागिन्यांनी दिला नव्हता, कारण ते माझ्या निवडीचे नव्हते. शनेलबाईंनी १९५५ मध्ये पर्सला खांद्यावर अडकवायची साखळी लावली ती का? हातात पर्स धरून धरून कंटाळल्या होत्या म्हणून. बायकांचे हात मोकळे झाले त्याने. याला तुम्ही नुसती हौस म्हणणार?

आणि पैठणी? लाखाची पैठणी घेऊन आपण वर्षातून एकदा नेसतो, मग घड्या मोडून ठेवतो. तिच्यावर कुणी बोट ठेवतं का?

सुईदोरा

अंजिरीताई, तुमची पर्स तुमच्या बोनसची आहे आणि तुम्ही तेच कारण सांगताय. मग आपलं भांडण आहे कुठे? घड्याळांवर धागा काढा, मी पहिली येईन. तिथेही 'पुढच्या पिढीसाठी' वगैरे बरंच चाललेलं असतं.

पैठणीबद्दल मात्र नाही पटलं. येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून बघा, मागूनही तितकाच स्वच्छ. तो पदर विणायला महिने जातात आणि किमतीतला बराच भाग त्या श्रमाचा असतो. (विणकराच्या हातात किती पडतो हा वेगळा आणि दुखरा विषय.) तिथे महाग का, याचं उत्तर कापडातच दिसतं. ५३ युरोच्या जोडणीत ते दिसत नाही.

काळाकोट

५३ युरोचा आकडा सगळीकडे फिरतोय म्हणून एक दुरुस्ती. तो फक्त जोडणीचा होता. चामडं, फिटिंग्ज, डिझाईन, वाहतूक, दुकानाचं भाडं त्यात नाही. कंपनीनेही हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं म्हटलं होतं. शिवाय डिओरच्या त्या कंपनीवरची देखरेख फेब्रुवारी २०२५ मध्ये मुदतीआधीच उठली, कारण त्यांनी पुरवठादारांच्या तपासणीची पद्धत सुधारली. जुलै २०२५ मध्ये लोरो पियाना या इटालियन ब्रँडवर तशीच कारवाई झाली, म्हणजे प्रश्न एका ब्रँडचा नाही, कंत्राटातून कंत्राट देण्याच्या साखळीचा आहे.

फर्स्ट कॉपीबद्दल मात्र कडाडून असहमत. खोटं व्यापारचिन्ह लावून माल विकणाऱ्याला आपल्याकडे १९९९ च्या कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. घेणारीला इथे कुणी काही करत नाही हे खरं, पण इटलीत फिरायला गेलात आणि फुटपाथवरून नकली प्रादा उचललीत तर तुम्हालाही ३०० ते ७,००० युरो दंड बसू शकतो. फुटपाथवरच्या चादरीवरची ती पर्स अस्सलपेक्षा महाग पडायची!

सुईदोरा

जोडणीपुरता आकडा, मान्य, मी 'जोडण्याचे' असंच लिहिलं आहे. तरी जोडणी म्हणजेच कारागिरी ना? जाहिरातीत ज्या हातांचे क्लोज-अप दाखवतात त्या हातांचा तो मोबदला.

फर्स्ट कॉपीचं समर्थन कायद्याने नाही करत मी. माझं म्हणणं घेणारीपुरतं आहे. लिंकिंग रोडवर बाराशेला ती अक्षरांची पर्स घेणाऱ्या मुलीला ती खोटी आहे हे ठाऊक असतं, विकणाऱ्याला ठाऊक असतं, तिच्या मैत्रिणींनाही. फसवणूक कुणाचीच होत नाही. ज्या दिवशी ती मुलगी अस्सल घेईल त्या दिवशीही तिला तीच अक्षरं हवी असतील. मग ब्रँडने विकलं काय, पर्स की अक्षरं?

बिनसाखरेचा

इन्व्हेस्टमेंटचा मुद्दा धागाकर्तीने अर्ध्यावर सोडलाय, तो मी उचलतो. व्यवसायाने हिशोबनीस आहे, बायकोच्या मैत्रिणींना हे पाठ आहे, त्या आता मला चहालाही बोलवत नाहीत.

'बर्किनने सोन्याला मागे टाकलं' ही बातमी २०१६ पासून फिरतेय. ३५ वर्षांत सरासरी वर्षाला १४.२ टक्के, असा तो आकडा. काढला कुणी? बर्किनसारख्या बॅगा विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाने. हलवायानेच 'पेढा पौष्टिक' असं प्रमाणपत्र दिलं आणि आपण ते फ्रेम करून लावलं.

दुकानातली किंमत वाढली म्हणजे तुमच्या कपाटातल्या पर्सची किंमत वाढली असं नव्हे. शनेलची मधल्या आकाराची क्लासिक पर्स अमेरिकेत २०१९ मध्ये सहा हजार डॉलरच्या आत होती, २०२४ पर्यंत दहा हजारांच्या पुढे गेली. हा तक्ता दाखवून 'बघा परतावा' म्हणतात. पण तुम्ही विकायला जाता ते दुकानाच्या भावाने नाही, जुन्या मालाच्या भावाने. त्यातून विकून देणारी वेबसाइट स्वतःचं कमिशन कापते. कोपरा घासलेला, अस्तरावर पेनाचा डाग, डबा नाही, बिल हरवलं, प्रत्येकाचे वेगळे पैसे वजा. बर्किन, एर्मेसचीच केली आणि मोजक्या शनेल सोडल्या तर बहुतेक महाग पर्सेस दुकानाबाहेर पडल्या क्षणी उतरतात. आणि भाव टिकवायचा तर वापरायची नाही. न वापरायची पर्स घेऊन तिला डस्टबॅगमध्ये ठेवून तिच्या शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, याला गुंतवणूक म्हणण्यापेक्षा सेवा म्हणा.

सोनं २००० साली दहा ग्रॅमला साडेचार हजारांच्या आसपास होतं. एप्रिल २०२५ मध्ये लाखाला टेकलं. ते गळ्यात घालून मिरवता येतं, अडीनडीला गल्लीतल्या सोनाराकडे तासाभरात मोडता येतं, आणि त्याचा कोपरा घासला तरी वजन तेच. आपल्या आज्या याबाबतीत सगळ्यांत हुशार.

जाता जाता : २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या हँडबॅगवर दुकानदार एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर) घेतो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण पॅनवर नोंद राहते. 'ह्यांना सांगू नका' म्हणत खरेदी करणाऱ्यांसाठी माहिती.

ओव्हनफ्रेश

बिनसाखरेचा, चहाला आमच्याकडे या :)

मला तो बर्किन मिळवण्याचा खेळ सगळ्यात अजब वाटतो. पैसे आहेत, दुकान समोर आहे, तरी विकत नाहीत! आधी स्कार्फ घ्या, चपला घ्या, ताटल्या घ्या, मग साहेबांची मर्जी झाली तर आतल्या खोलीत बोलावून पर्स दाखवणार, रंगही तेच ठरवणार. अमेरिकेत काही जणांनी मार्च २०२४ मध्ये यावरून कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा लावला होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळला गेला. काळाकोटांनी प्रकाश टाकावा. पण मला कायद्यापेक्षा त्या बायकांचं नवल वाटतं. एरवी जी बाई हॉटेलात पाणी उशिरा आलं म्हणून मॅनेजरला बोलावते, ती इथे सेल्समनचा वाढदिवस लक्षात ठेवते.

काळाकोट

प्रकाश थोडाच. अमुक घेतलं तरच तमुक विकू, हे तिथल्या स्पर्धा कायद्यात बसत नाही, पण त्यासाठी बाजारावर तुमची पकड आहे आणि त्यातून स्पर्धेचं नुकसान झालं, हे दाखवावं लागतं. ते दाखवता आलं नाही. 'मला बर्किन मिळाली नाही' हे कायद्याच्या दृष्टीने दुःख आहे, नुकसान नाही.

जर्सीकाकू

लाखाच्या पर्सेस बाजूला ठेवा, मराठी माणसाच्या आयुष्यातली खरी डिझायनर पर्स म्हणजे अमेरिकेहून येताना आणलेली मायकल कोर्स. गेली कितीक वर्षं मी इथून तिकडे ती वाहतेय. भारतातून कुणी आलं की तिसऱ्या दिवशी त्यांना वुडबरीच्या आउटलेटला (ब्रँडचा माल सवलतीत विकणारी दुकानं) न्यायचं, हा नायगाऱ्यासारखाच ठरलेला कार्यक्रम. सासू, जाऊ, नणंद, विहीणबाई, सगळ्यांना एकेक, आणि विहीणबाईंची एक बोट मोठी.

आता काकूंचं न आवडणारं मत ऐका. आउटलेटमधल्या पर्सेसपैकी बऱ्याच दुकानातून उरलेल्या नसतातच. आउटलेटसाठीच वेगळ्या बनवलेल्या असतात, वेगळ्या चामड्याच्या, हलक्या फिटिंगच्या. लेबलवर छापलेली 'मूळ किंमत' ४०० आणि आपल्याला १२० ला, म्हणून आपण आनंदाने चार उचलतो. ती ४०० ला कधी कुठे विकलेलीच नसते. यावरून मायकल कोर्सवर इथे दावा झाला होता आणि २०१५ मध्ये त्यांनी पन्नास लाख डॉलरच्या आसपास देऊन तो मिटवला. मी नणंदेला हे सांगितलं. ती म्हणाली, 'वहिनी, लेबल काढू नका हं, तसंच राहू द्या.'

आणि एक. ज्यांना पाठवल्या त्यांच्यातल्या निम्म्यांनी त्या कपाटात जपून ठेवल्या. तिकडच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत त्या आतून सोलपटायला लागल्या. वापरल्या असत्या तर त्याआधी तरी मिरवून झाल्या असत्या.

रंकाळा_रिटर्न्स

लय भारी धागा. पर्स आपला विषय नाही, पण चामड्याचा विषय निघाला आणि कोल्हापूरवाला गप बसला असं व्हायचं नाही.

जून २०२५ ला मिलानला प्रादाच्या शोत पोरं आमच्या चपला घालून चालली. नाव काय दिलं? लेदर सँडल. कोल्हापूरचं नाव न्हाई, कारागिराचं न्हाई. इथं बोंबाबोंब झाली, महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं पत्र धाडलं, मग कबूल केलं की बाबा हे भारतातल्या हस्तकलेवरनं घेतलंय. २०१९ पासनं कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन हाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे. डिसेंबरात मग करार झाला : दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं आणि प्रादा, दोन हजार जोड, एक जोड ८०० युरोच्या आसपास. म्हणजे ऐंशी हजाराच्या घरात!

आता माझं उलटं मत. सगळे म्हणाले प्रादानं लुटलं. मी म्हणतो, आपण काय केलं? बाभळीची साल आणि हिरड्यात चामडं कमवायचं, वाद्या कापायच्या, हातानं शिवायचं, एवढं करून कारागीर हजार-बाराशे सांगतो आणि आपण म्हणतो 'आठशेला द्या की मामा'. तीच बाई मॉलमधी पर्सच्या किमतीवर तोंड उघडत न्हाई. प्रादा ऐंशी हजार घेतंय तर घेऊ दे, कारागिराच्या हातात किती पडतंय ते इचारा, आणि पुढल्या खेपेला मामाशी घासाघीस करू नका. बास.

मीठभाकर

रंकाळा, शेवटच्या परिच्छेदाला माझं पूर्ण अनुमोदन, आणि थोडं पुढचं बोलतो. कुणाला टोचलं तर टोचू दे.

आमच्या आजोबांच्या हाताला चामड्याचा वास यायचा म्हणून त्यांना लोकांच्या ओसरीवर चढू दिलं जायचं नाही. आज त्याच ओसरीवाल्यांच्या नाती पर्स नाकाला लावून 'अस्सल लेदरचा वास बघ' म्हणतात. वास तोच आहे. मला राग नाही, पण या सगळ्या चर्चेत कारागीर म्हटलं की फ्रान्सचा पांढऱ्या कोटातला डोळ्यांसमोर येतो, धारावीतला येत नाही, हे नोंदवून ठेवतो. धारावीत साठ-सत्तर वर्षांचा हात असलेली घराणी आहेत. नव्वद फुटी रस्त्याला फिरून या, युरोपातल्या दुकानांसाठी बॅगा तिथेही शिवल्या जातात.

२०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर तिथल्या बऱ्याच जणांचं काम गेलं. सुधीर राजभर या कलाकाराने अशा कारागिरांना घेऊन जुन्या टायरच्या रबरापासून बॅगा करायला सुरुवात केली. स्टुडिओचं नाव काय ठेवलं? 'चमार'. जी शिवी म्हणून वापरतात तेच पर्सवरचं लेबल. डिझायनर बॅग म्हणून लोक चांगले पैसे मोजून घेतात. मला या धाग्यातल्या सगळ्या लोगोंपेक्षा हा लोगो धाडसाचा वाटतो. त्या महागड्या आहेत, माझ्या खिशाबाहेरच्या, पण त्या किमतीची तक्रार मी करणार नाही.

अंजिरी

मीठभाकर, हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटेना. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

ओव्हनफ्रेश

मीठभाकर +१००.

विषय थोडा हलका करते. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्डस्ट्रॉम दुकानात आपली किराण्याची कापडी पिशवी ४८ डॉलरला होती, पाहिली का? वर देवनागरीत 'रमेश स्पेशल नमकीन' आणि 'चेतक स्वीट्स'. इथे पावशेर फरसाणावर फुकट मिळते ती! बालेन्सियागाने तर २०१७ मध्ये आयकियाच्या ९९ सेंटच्या निळ्या पिशवीसारखी दिसणारी २,१४५ डॉलरची चामड्याची बॅग आणली आणि २०२२ मध्ये कचऱ्याच्या पिशवीसारखी १,७९० ची. लुई व्हिटॉनने २०२५ मध्ये ऑटोरिक्षाच्या आकाराची पर्स काढली. मीटरप्रमाणे जाते का विचारायचं होतं.

तरी मला आवडतात अशा पर्सेस. यांत निदान विनोद आहे. 'वारसा, परंपरा, कालातीत' म्हणत गंभीर चेहऱ्याने विकत नाहीत.

तसा वारशावर आपलाही थोडा हक्क आहे म्हणा. १९२६ मध्ये लुई व्हिटॉनने बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी चहाच्या सामानाची खास पेटी बनवली होती. आपल्या संस्थानिकांच्या ट्रंका ही त्या काळी पॅरिसच्या दुकानांची मोठी गिऱ्हाइकी होती. म्हणजे आपण या नादाला काल-परवा लागलेलो नाही.

चौथी_सीट

एक विचारू का सगळ्यांना? माल जाळण्याचं कुणी बोललं नाही. बर्बरीने २०१७-१८ च्या वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकला गेलेला माल नष्ट केला होता. सेलमध्ये स्वस्तात गेला तर 'भलत्या' लोकांच्या हातात पडेल म्हणून! बोंब झाल्यावर २०१८ मध्ये बंद केलं, आणि फ्रान्सने तर पुढे कायदाच केला, न खपलेला माल नष्ट करायचा नाही असा. माझ्यासाठी सगळा विषय तिथेच संपला. मी विकत घेऊ नये म्हणून जी वस्तू पेटवतात, ती मी कशाला विकत घेऊ?

सुईदोरा

भलत्या लोकांच्या हातात, हेच. अंजिरीताई, यावर तुमचं काय म्हणणं?

अंजिरी

जाळणं अत्यंत वाईट, त्यात दुमत नाही. पण मी तरीही माझी शनेल वापरणार, आणि वापरणार म्हणजे भाजीलाही नेणार. काल नेली होती. कोथिंबिरीची जुडी बाहेर डोकावत होती. बिनसाखरेच्यांनी घसारा मोजून ठेवावा.

बिनसाखरेचा

मोजला. कोथिंबीर वजा जाता उत्तम व्यवहार.

नवी_घागर

सगळे प्रतिसाद वाचले, मजा आली. पण मी वेगळ्याच कामासाठी धागा उघडला होता. शाळेत शिकवते. डबा, लिटरची बाटली, छत्री आणि तपासायचे पेपर मावतील अशी पर्स हवी आहे. बजेट तीन हजार. बसने जाते, पावसात भिजते. ब्रँड कुठलाही चालेल. दुकानात गेल्यावर बघायचं काय, ते सुईदोरा सांगाल का?

सुईदोरा

का नाही! हे माझं रोजचं काम. चामडं नको, या वापराला आणि या बजेटला चांगलं नायलॉन किंवा जाड कॅनव्हास घ्या. दुकानात पहिल्यांदा पट्टा जिथे पर्सला जोडलाय ती जागा बघा. तिथे चौकोनात फुली मारल्यासारखी दुहेरी शिवण हवी. नुसत्या दोन ओळी असतील तर ओझ्याने तिथूनच सुटणार. मग चेन चार-पाच वेळा जोरात, आणि वळणावर मुद्दाम एका हाताने ओढा. वळणावर अडकली तर ठेवून द्या, ती नंतर सुधारत नाही. अस्तर चिमटीत धरून बाहेर ओढा आणि शिवणीला कच्चे दोरे किती सुटलेत ते बघा. कड्या हातात वजनदार लागायला हव्यात, पोकळ वाटल्या की मुलामा उडणार. कडेला रंगाचा थर असेल तर पट्टा वाकवून तडा जातो का बघा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे.

चौथी_सीट

अस्तर फिक्या रंगाचं घे गं. काळ्या अस्तरात किल्ली कधी सापडत नाही. आणि बाटलीचा कप्पा बाहेर हवा, आत सांडली तर पेपर गेले.

सुईदोरा

पेपर ए-फोर आहेत की फुलस्केप?

नवी_घागर

फुलस्केप. आमच्याकडे अजून तेच.

सुईदोरा

मग लॅपटॉप बॅगेच्या मापावर जाऊ नका, त्या बऱ्याचदा ए-फोरच्या हिशोबाने असतात आणि फुलस्केप वरून दुमडतो. एक कोरा पेपर पुठ्ठ्याला लावून बरोबर न्या आणि तो आत सरळ उभा राहून चेन बंद होते का, ते दुकानातच बघा. डबा गोल आहे की चपटा तेही सांगा, त्यावर तळाची रुंदी ठरेल.